झऱ्याच्या अलीकडे

ग्रागिएफ नावाचा एक अधिकारी आहे. आर्कुस प्रिमा या प्रचंड हवाई जहाजावर पुजारिणींच्या तुकड्यांची जबाबदारी त्याच्याकडे आहे. हलक्या आवाजात बोलणारा, समोरच्या मुलींना रणांगणावर धाडताना आतून तुटत जाणारा माणूस. तरुणपणी तोही अशाच एका तुकडीत पुजारीण होता. हे वाक्य लिहिताना माझं पेन अडलं. ‘पुजारीण होता’ हे मराठी कानाला खटकतं. ‘पुजारीण होती’ म्हणावं तर समोर उभा असलेला पुरुष नाहीसा होतो. तो स्वतः मराठीत आठवण सांगायला बसला असता, तर ‘मी तेव्हा उडायचे’ म्हणाला असता की ‘मी तेव्हा उडायचो’?

मूळ जपानीत हा पेच पडत नाही. तिथलं क्रियापद बाई-पुरुष ओळखत नाही. बोलणारा स्वतःसाठी कोणतं सर्वनाम वापरतो त्यावरून अंदाज येतो, पण ते सर्वनामही बहुतेक वेळा गाळता येतं. मराठीत तोंड उघडलं की निवड करावी लागते. जाते की जातो, आले की आलो. दिवसातून शेकडो वेळा आपण ही निवड करतो आणि तिचा भार जाणवत नाही, कारण ती आपल्या वतीनं जन्माच्या वेळीच कुणीतरी करून ठेवलेली असते. ज्यांच्या बाबतीत ती चुकीची झाली, त्यांना मात्र हा भार प्रत्येक वाक्यात सोसावा लागतो.

‘सिमून’चं सगळं जग या निवडीवर उभं आहे. म्हणून मराठी वाचकाला या मालिकेची ओळख करून देताना मी कथानकाआधी व्याकरणापासून सुरुवात केली. आपल्या भाषेला या विषयात काही सांगण्यासारखं आहे, आणि ते पुढे येईलच.

मालिका जपानी अ‍ॅनिमेशनची आहे, 26 भागांची. एप्रिल ते सप्टेंबर 2006 या काळात ती तोक्यो टीव्हीवरून रात्री उशिरा दाखवली गेली. निर्मिती स्टुडिओ दीनची, दिग्दर्शन जुन्जी निशिमुरा यांचं, संगीत तोशिहिको साहाशी यांचं आणि पात्रांची रेखाटनं आसाको निशिदा यांची. निशिमुरा यांच्याविषयी एक गोष्ट सांगायला हवी. रुमिको ताकाहाशी यांच्या ‘रानमा’ या लोकप्रिय कथेच्या दूरचित्रवाणी मालिकेचे अनेक भाग त्यांनी पूर्वी दिग्दर्शित केले होते. त्या कथेतही शापित झरे आहेत आणि पाण्यानं मुलाची मुलगी होते, पण तिथं सगळा हसण्याचा मामला आहे. तीच कल्पना याच दिग्दर्शकाच्या हातात पुन्हा आली तेव्हा तिच्यातलं हसू पूर्ण गळून गेलेलं होतं.

ज्या भूमीवर ही कथा घडते तिचं नाव दाइकुरिकु. तिथं प्रत्येक मूल मुलगी म्हणूनच जन्माला येतं. सिमुलाक्रुम नावाच्या देशात सतराव्या वर्षी प्रत्येकीनं एका पवित्र झऱ्यापाशी जायचं आणि बाई म्हणून जगायचं की पुरुष म्हणून, हे सांगायचं. मग शरीर सावकाश बदलत जातं. पुरुष होणाऱ्याचा आवाज, छाती, खांदे लगेच बदलत नाहीत; वर्कशॉपमध्ये काम करणारा तरुण मेकॅनिक कितीतरी दिवस अर्धाच पुरुष दिसतो आणि कुणी त्याच्याकडे वळून पाहत नाही. शेजारच्या आर्गेन्टुम या औद्योगिक देशात असा झरा नाही. तिथं हा निर्णय वैद्यकीय उपायांनी उरकला जातो, आणि सिमुलाक्रुमच्या लोकांना ते ऐकूनच शिसारी येते.

एक तपशील आधीच सांगतो, म्हणजे तुम्ही कान देऊन ऐकाल. या मालिकेतल्या सगळ्या पात्रांना, दाढी राखलेल्या मंत्र्यांना आणि जहाजांच्या कप्तानांनासुद्धा, स्त्री कलावंतांनी आवाज दिला आहे. गोष्टीतल्या प्रत्येक पुरुषाच्या गळ्यात एक मुलगी अजून शिल्लक आहे, हे संवादात कुठंही न सांगता कानावर पडत राहतं. संपूर्ण मालिकेतली ही मला सर्वांत धीट वाटणारी निवड आहे.

आता विमानं. सिमून हे सहाराच्या आणि अरबस्तानच्या वाळवंटात उठणाऱ्या जीवघेण्या उष्ण वाऱ्याचं नाव. इथं ते प्राचीन अवशेषांतून मिळालेल्या, कुणालाही पुरत्या न उमगलेल्या उडत्या यंत्रांना दिलं आहे. ही यंत्रं दोघींशिवाय उडत नाहीत. पुढे बसणारी आउरिगा, मागे बसणारी साजिता. लॅटिनमध्ये आउरिगा म्हणजे सारथी आणि साजिता म्हणजे बाण; रथी आणि सारथी ही जोडी आपल्याला परकी नाही. जी जोडी झऱ्यावर गेलेली नाही तिचंच यंत्र चालतं. उड्डाणाआधी दोघी एकमेकींचं चुंबन घेतात, मग यंत्राच्या माथ्यावरच्या रत्नावर ओठ टेकवतात, आणि तेव्हा सिमून जागं होतं. चुंबन हा त्या समाजात पूजाविधी आहे. विधी कुठं संपतो आणि माया कुठं सुरू होते, हे त्या दोघींनाही नेमकं सांगता येत नाही. ‘सिमून’मधली प्रेमकथा या संदिग्ध जागेत राहते.

सिमून आकाशात उडताना आपल्या मागं प्रकाशाच्या रेषा सोडत जातं. ठरावीक आकृती पूर्ण झाली की तिला रि-माजोन म्हणतात. ही टेम्पुस स्पातियुम या देवाला वाहिलेली प्रार्थना आहे. दारासमोर रोज सकाळी रांगोळी घालणाऱ्या हाताला हे लगेच समजेल: रेषा चुकली तर काही बिघडत नाही असं बाहेरचा म्हणेल, पण काढणारी म्हणणार नाही. शतकानुशतकं सणासुदीला, धान्याच्या सुगीला, मृतांच्या स्मरणार्थ या आकृती काढल्या जात. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की आकृती पूर्ण होते तेव्हा प्रचंड ऊर्जा मोकळी होते आणि तिच्या कक्षेत सापडलेलं काहीही उरत नाही.

इथून युद्ध सुरू होतं. आर्गेन्टुमनं आपली जमीन आणि हवा कारखान्यांनी नासवली आहे. त्यांना सिमूनमधलं धूर न सोडणारं यंत्र हवं आहे, आणि सिमुलाक्रुम ते देणार नाही. आर्गेन्टुमची विमानं धूर ओकत, थव्यांनी येतात, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या पुजारिणी आकाशात प्रार्थना काढून त्यांना नाहीसं करतात. मालिका युद्धाचं कारण इतकं साधं ठेवते, याबद्दल मी तिचा आदर करतो. दुसरी बाजू राक्षसांची नाही. तिला श्वास घ्यायला हवा हवी आहे.

पहिल्याच भागात आमुरिया आणि नेव्हिरिल ही सर्वांत कुशल जोडी एक निषिद्ध आकृती काढायला जाते. तिचं नाव पाचूचा रि-माजोन. ती फसते. आमुरिया नाहीशी होते आणि नेव्हिरिल एकटी परत येते. बारा जणींच्या कोर टेम्पेस्ट या तुकडीतल्या कितीतरी जणी त्या दिवशी संपतात. पुढचे काही भाग नेव्हिरिल खोलीतून बाहेर यायला नकार देते, आणि मालिका तिला तो वेळ देते. इतर युद्धकथांत नायिकेचं दुःख एका गाण्यात संपतं. इथं ते इतकं लांबतं की बाकीच्यांची चिडचीड होते, आपलीही होते, आणि मग आपल्याला स्वतःच्याच चिडण्याची लाज वाटते. या खिंडीत आएरू येते, उडण्यापलीकडे कशाचीही पर्वा नसलेली, दांडगी, आणि नेव्हिरिलच्या पुढ्यात जाऊन म्हणते की तुझी जोडीदार मी होणार.

आएरूला का उडायचं आहे? कारण पुजारिणींना एक सवलत आहे. जोवर त्या सिमून उडवतात तोवर सतरावं उलटलं तरी झऱ्यावर जाणं पुढं ढकलता येतं. मालिकेची गुरुकिल्ली या एका नियमात आहे. ज्या मुलीला मोठं व्हायचं नाही, ठरवायचं नाही, तिला मंदिर आसरा देतं. आणि राज्याला शस्त्र चालवायला न ठरवलेल्या मुलीच लागतात, म्हणून मंदिराचा तो आसरा राज्याच्याही सोयीचा आहे. मुलीचा नकार आणि सत्तेची गरज हातात हात घालून चालतात. कुणीही कुणावर उघड जबरदस्ती करत नाही. म्हणून त्यातून सुटणं इतकं कठीण आहे.

हे नीट समजण्यासाठी जपानमधल्या एका जुन्या परंपरेकडे वळायला हवं. ‘युरी’ म्हणजे लिलीचं फूल. मुलींनी मुलींवर केलेल्या प्रेमाच्या कथांना हे नाव 1970च्या दशकात चिकटलं. समलिंगी पुरुषांसाठी निघणाऱ्या ‘बाराझोकु’ या मासिकाचे संपादक इतो बुन्गाकु यांनी 1976 साली स्त्री वाचकांच्या पत्रांना ‘लिलींची खोली’ अशा अर्थाचं सदर दिलं, तिथून तो शब्द रुळला. कथा मात्र त्याच्या साठ वर्षं आधीपासून लिहिल्या जात होत्या. योशिया नोबुको यांच्या ‘हाना मोनोगातारी’ म्हणजे फुलांच्या कथा 1916पासून प्रसिद्ध होऊ लागल्या. मुलींच्या निवासी शाळा, वरच्या वर्गातली मुलगी आणि खालच्या वर्गातली मुलगी, वहीत ठेवलेली चिठ्ठी, शिशिरातला निरोप. समाजानं हे प्रेम चालवून घेतलं, कारण त्याला मुदत होती. शाळा संपली, लग्न ठरलं, की ते संपणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो टप्पा होता, आयुष्य नव्हतं. योशिया यांनी स्वतः मात्र ती मुदत मानली नाही. मोन्मा चियो यांच्याबरोबर त्या सुमारे अर्धशतक राहिल्या, आणि लग्नाचा रस्ता कायद्यानं बंद असल्यामुळे 1957मध्ये चियो यांना दत्तक घेतलं.

‘सिमून’मधला झरा म्हणजे ही मुदत. शाळेच्या निरोप समारंभाला या मालिकेनं देहाचं रूप दिलं आहे. युरीच्या शंभर वर्षांच्या परंपरेत अध्याहृत असलेली अट तिनं उचलून जगाचा कायदाच करून टाकली: सतराव्या वर्षी ठरव. आणि मग विचारलं, जी म्हणेल की मी ठरवत नाही, तिचं काय? याच स्टुडिओ दीननं 2004मध्ये ओयुकी कोन्नो यांच्या कादंबऱ्यांवरून कॅथलिक मुलींच्या शाळेतली ‘मारिया सामा गा मितेरु’ ही मालिका केली होती. तिथं सगळं शाळेच्या आवारातच घडतं आणि आवाराबाहेरचं जग धूसर राहतं. दोनच वर्षांनी त्याच स्टुडिओनं आवाराची भिंत पाडली आणि पलीकडे युद्ध आहे हे दाखवलं.

भिंतीपलीकडे युद्ध खरोखरच होतं. योशिया नोबुको यांचंच पाहा. 1938मध्ये जपानी सरकारनं चीनच्या आघाडीवर लेखकांचं एक पथक पाठवलं, ‘लेखणीची पलटण’ म्हणून ओळखलं जाणारं. त्यात दोनच स्त्रिया होत्या. एक हायाशि फुमिको, दुसऱ्या योशिया. फुलांच्या कथांची लेखिका आघाडीवरून लिहू लागली, आणि तिच्या वाचक मुलींच्या हातात त्या कथांच्या जागी युद्धवार्ता आल्या. तिला दोष देणं मला सोपं वाटत नाही. पण ही गोष्ट झाकून युरीचा इतिहास सांगणंही मला प्रामाणिक वाटत नाही.

ताकाराझुकाची कथा याहून बोलकी आहे. कोबायाशि इचिझो या रेल्वे उद्योजकानं 1913मध्ये केवळ अविवाहित मुलींची ही नाट्यसंस्था सुरू केली, आणि 1914मध्ये तिचा पहिला प्रयोग झाला. पुरुषांच्या भूमिकाही मुलीच करतात. लग्न झालं की संस्था सोडावी लागते. आणि वय कितीही असो, कलावंताला ‘विद्यार्थिनी’च म्हणतात. मराठी वाचकाला बालगंधर्वांची उलटी बाजू म्हणून हे चटकन समजेल. ‘सिमून’मधल्या स्त्री आवाजाच्या पुरुषांमागं, उंच कॉलरच्या गणवेशांमागं, नृत्यासारख्या उड्डाणांमागं ताकाराझुका आहे. मार्च 1944मध्ये सरकारनं तिथलं मोठं नाट्यगृह बंद केलं. नंतर ते नौदलाच्या ताब्यात गेलं आणि तिथं नौदलाच्या हवाई दलात जाणाऱ्या किशोरवयीन मुलांचं शिक्षण केंद्र उघडलं. ज्या छताखाली मुली पुरुष होऊन नाचत होत्या, त्याच छताखाली मुलगे युद्धासाठी तयार होऊ लागले.

आणि ओकिनावा. तिथल्या दोन मुलींच्या शाळांची मासिकं होती: एकाचं नाव ‘ओतोहिमे’, दुसऱ्याचं ‘शिरायुरी’, म्हणजे पांढरी लिली. दोन्ही मिळून ‘हिमेयुरी’ हे नाव झालं. मार्च 1945मध्ये या शाळांतल्या 222 विद्यार्थिनी आणि 18 शिक्षक लष्करी इस्पितळात शुश्रूषेला नेण्यात आले. डोंगरात खोदलेल्या बोगद्यांत त्यांनी कापलेले हातपाय बाहेर नेले, पाणी आणलं, प्रेतं पुरली. 18 जूनला, आघाडी कोसळल्यावर, ‘पथक बरखास्त, आता तुमचं तुम्ही बघा’ असा हुकूम मिळाला, तोही बोगद्याबाहेर गोळीबार चालू असताना. त्या 240 जणांपैकी 136 जण गेले, त्यातले बहुतेक हुकुमानंतरच्या काही दिवसांत. निशिमुरा यांनी हा इतिहास समोर ठेवून ‘सिमून’ केली, असा माझा दावा नाही. पण जपानी प्रेक्षक गणवेशातल्या मुलींची तुकडी युद्धात पाहतो तेव्हा त्याच्या मनात आधीपासून काय असतं, हे आपल्याला माहीत असावं. इथली लिली रक्तात बुडवलेली आहे, मालिका यायच्या साठ वर्षं आधी.

मालिका प्रसारित होत असतानाचं वर्षही विसरू नये. जुलै 2006मध्ये जपानचं भूदल इराकमधल्या समावाहून परतत होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर युद्धभूमीवर पाठवलेली ती त्यांची पहिली मोठी तुकडी. 15 ऑगस्टला पंतप्रधान कोइझुमी यासुकुनी देवस्थानात गेले. युद्धात मेलेल्यांना देव मानून पुजणारं हे देवस्थान 1869मध्ये स्थापन झालं. 1945पर्यंत ते राज्याच्या धर्माचं केंद्र होतं, आणि डिसेंबर 1945च्या आदेशानं तो धर्म आणि राज्य वेगळे केले गेले. मेलेला सैनिक देव होतो, ही कल्पना त्या उन्हाळ्यात पुन्हा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होती. त्याच आठवड्यांत रात्री उशिरा, एका काल्पनिक देशाच्या पुजारिणी एकमेकींना विचारत होत्या की आपण देवाच्या आहोत की सेनेच्या.

धर्माकडे ‘सिमून’ ज्या नजरेनं पाहते, ती मला दुर्मीळ वाटते. धर्म थोतांड आहे असं ती म्हणत नाही, आणि श्रद्धेनं सगळं सुटतं असंही नाही. तिची पात्रं श्रद्धेच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभी आहेत. पाराएट्टाला तुकडी सांभाळायची आहे, देव नंतर. मामीना एका मोठ्या घरातल्या नोकराची मुलगी. ज्या घरात तिचे आईवडील राबले, त्याच घरची रोदोरेआमोन आता तिच्या शेजारच्या सिमूनवर आहे. पुजारीणपद मामीनासाठी स्वर्गापेक्षा समाजात वर चढायची शिडी जास्त आहे, आणि ती शिडी किती उंचीची आहे हे तिला पुरतं ठाऊक आहे. दोमिनुरा दुसऱ्या तुकडीतून आलेली, करारी. एकदा ती सिमूनच्या यंत्राच्या आत डोकावते आणि जे दिसतं त्यानं मुळापासून हादरते. आजवर ज्याला देवाची देणगी मानलं त्याच्या आत काय आहे, हे पाहूनही तिला उडायचंच आहे. लिमोने ही लहानगी तिची जोडीदार. या दोघींचं नातं हा मालिकेचा सर्वांत हळवा भाग आहे असं मी म्हणेन, नायिकांना डावलून.

मग तिसरा देश येतो, प्लुम्बुम. हे गरीब डोंगरी लोक. देव तोच, पुजारिणीही आहेत, पण सिमून नाहीत. ज्या यंत्रांसमोर ते गुडघे टेकतात तीच त्यांच्यावर प्रार्थना ओततात. प्लुम्बुमची एक पुजारीण सिमूनच्या अगदी जवळ पोचते, डोळे भरून पाहते, आणि स्वतःसकट स्फोट घडवते. तिच्या चेहऱ्यावर द्वेष नसतो. माझ्या मते इथं मालिका सर्वांत खोल उतरते: दोन बाजू, एक देव, आणि ज्याच्या हाती देवाचं यंत्र त्याला आपण पवित्र आहोत असं वाटायची मुभा. कोर टेम्पेस्टच्या मुलींना पहिल्यांदा कळतं की आपल्या आकृती खालून कशा दिसतात.

झऱ्यावर ओनाशिया नावाची रखवालदार आहे. फार पूर्वी, तिची वेळ आली तेव्हा तिला ठरवता आलं नाही. तेव्हापासून ती तिथंच आहे, येणाऱ्या प्रत्येकीला विचारत: काय व्हायचं आहे तुला? ‘न ठरवणं’ या गोष्टीचं गोड चित्र मालिका रंगवत नाही, हे ओनाशियामुळं कळतं. तसंच ठरवणं म्हणजे हार, असंही नाही. ग्रागिएफ आणि कप्तान आनुबितुफ हे एके काळी एकाच सिमूनवर उडायचे, सगळ्यांत नावाजलेली जोडी. आज दोघं पुरुष आहेत, एकाच जहाजावर. जे होतं ते संपलं का, की त्याचा आकार बदलला, यावर मालिका भाष्य करत नाही. जहाजाच्या पुढच्या खोलीत दोघं शेजारी उभे राहतात, आणि बघणाऱ्याला कळतं.

आता व्याकरणाकडे परत येतो. मी नेव्हिरिल, आएरू, मामीना यांच्यासाठी ‘ती’ वापरत आलो, कारण त्या स्वतःला मुलीच म्हणतात. पण मराठीकडे तिसरं लिंगही आहे. ‘ते मूल’, ‘ते पोर’, ‘ते लेकरू’. लहानपणी आपण सगळे थोडा काळ नपुंसकलिंगात असतो, आणि त्यात अपमान नसतो, उलट कुशीची ऊब असते. शेजारची कोकणी याहून पुढे जाते. तिथं लग्न न झालेल्या मुलीसाठी नपुंसकलिंगी रूप वापरतात: ‘तें चेडूं आयलें’. पुढं तीच बाई होते आणि ‘ती आयली’ होते. गोव्याच्या एखाद्या घरात म्हातारी नातीला हाक मारते तेव्हा, झऱ्याच्या अलीकडची ही अवस्था त्या भाषेच्या क्रियापदात रोज उच्चारली जाते. एका जपानी मालिकेनं ज्यासाठी आख्खं जग रचलं, त्याचं बीज आपल्या किनाऱ्यावरच्या बोलीत आधीपासून आहे. ‘सिमून’चा मराठी किंवा कोकणी अनुवाद कधी झाला, तर अनुवादकानं हा धागा हातातून सोडू नये.

उणिवा आहेत, आणि त्या मला लपवायच्या नाहीत. हातानं काढलेली पात्रं आणि संगणकावर बनवलेली विमानं एकमेकांत नीट मिसळत नाहीत. काही ठिकाणी सिमून आकाशावर चिकटवल्यासारखं वाटतं. पहिले दोन भाग इतकी नावं एकदम अंगावर टाकतात की गोंधळ उडतो. पुजारिणींच्या काही पोशाखांची आखणी मला आजही खटकते. एवढा गंभीर विषय हाताळताना त्याची गरज नव्हती. सख्ख्या बहिणींमधला एक धागा मालिकेनं उघडला आणि पुरता पेलला नाही. आणि मधले काही भाग पात्रांच्या एकेका गाठीवर रेंगाळतात, तिथं धीर धरावा लागतो.

तरीही मी ती पुन्हा पुन्हा पाहिली. युद्धावरच्या बहुतेक कथांत विजय किंवा बलिदान हा शेवट असतो. इथं सिमुलाक्रुम हरतं. हे सांगून मी रसभंग करत नाही, कारण हरण्यानंतर जे घडतं ते महत्त्वाचं आहे: विजेते तह लिहितात, पुजारिणींच्या नावांची यादी करतात, आणि प्रत्येकीला झऱ्याकडे धाडतात. मुदत पुन्हा लागू होते. त्यापुढे नेव्हिरिल आणि आएरू काय करतात, पाचूची ती आकृती पुन्हा काढली जाते का, आणि ओनाशियाच्या जागी कोण उभं राहतं, ते मी इथं सांगणार नाही. एवढंच म्हणतो की शेवटच्या भागात एक नाच आहे, आणि तो पाहताना मला ताकाराझुकाचं 1944 साली बंद झालेलं नाट्यगृह आठवलं.

पाहायला बसाल तेव्हा मूळ जपानी आवाजातच पाहा. दुसऱ्या कुठल्या आवाजात पुरुषांच्या गळ्यातल्या त्या मुली हरवतील. शेजारी एक कागद ठेवा आणि पहिल्या दोन भागांत बारा जणींची नावं जोड्यांनिशी लिहून काढा. पुढं एकेक नाव खोडावं लागेल, त्या वेळी कोणती जोडी तुटली हे कागदावर समोर असू द्या.